वेल कुठल्या बाजूने चढतो

लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच जायची. तिथून गच्चीपर्यंत बावीस लोखंडी पायऱ्या होत्या, आणि त्या ताईच्या गुडघ्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. सातवी सैल होती. चौदाव्या पायरीचा कठडा गंजला होता, तिथे हात ठेवायचा नाही. सतराव्या पायरीवर पाण्याचा डबा हमखास हिंदकळायचा आणि डावी चप्पल ओली व्हायची. सात आठवडे रोज ओली होत होती. डबा थोडा कमी भरावा हे तिला कळत होतं, पण कमी भरला की एक खेप वाढते हेही कळत होतं.

गच्चीवर नळ होता. तो गळतो म्हणून इमारतीच्या रखवालदाराने त्याला बूच मारलं होतं आणि "माणूस येणार आहे" असं तो दोन वर्षं सांगत होता. त्यामुळे पाणी न्यायचं ते पाचव्या मजल्यावरच्या भावाच्या स्वयंपाकघरातून, पाच-पाच लिटरच्या तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांतून. सकाळी चार खेपा, कामावर जायच्या आधी. संध्याकाळी चार, दवाखान्यातून आल्यावर. ताईचं स्वतःचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. तिथे ती फक्त झोपायला जायची, आणि तीही जेमतेम.

बाग भाऊची होती. तिच्या धाकट्या भावाला घरात लहानपणापासून सगळेच भाऊ म्हणत, तीसुद्धा. एक्केचाळीस भांडी होती. रंगाच्या बादल्या, फुटकी बेसिनं, कुणीतरी टाकून दिलेला न्हाणीचा टब, त्यात गाजरं. प्रत्येक भांड्यावर पांढऱ्या रंगाने आकडा. टोमॅटो एक ते नऊ, वांगी दहा ते पंधरा, मिरच्या, पालक, आणि दक्षिणेच्या कठड्याजवळ वालाच्या शेंगा, सुतळीवर चढलेल्या. सगळ्यांच्या मधोमध निळा पिंप कापून केलेलं मोठं कुंड होतं, आकडा एक्केचाळीस. त्यात हॉपचा वेल.

हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देतात ती बोंडं. कागदाच्या चिमुकल्या हिरव्या कंदिलांसारखी दिसतात आणि बोटांत चुरली की पिवळी भुकटी निघते. भाऊ वीस वर्षं बिअरच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या यंत्रावर होता. सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले, एकाने तर भिंतीवरचं घड्याळ नेलं. भाऊने दारासमोरच्या शोभेच्या वेलाचं अंगठ्याएवढं मूळ उकरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. "वीस वर्षांची कमाई," असं म्हणून त्याच्या बायकोने ते मूळ ओट्यावरून उचलून बाहेर ठेवलं होतं. नंतर त्याने शाळेची बस चालवायला घेतली. वेल दर वर्षी जमिनीपर्यंत मरायचा, दर वर्षी परत उगवायचा, आणि जुन्या अँटेनाच्या खांबाला बांधलेल्या चार काथ्यांवरून पुरुषभर उंचीच्या वर जायचा. बोंडं वाळवून भाऊ ती उशीत भरायचा. झोप चांगली लागते म्हणायचा. बायको म्हणायची, त्या वासाने मला मात्र जाग येते.

सात आठवड्यांपूर्वी, सकाळची पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी, भाऊ बसच्या पायरीवर बसला तो उठला नाही. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. उरला एक शब्द.

"पाणी हवंय?"

"तेच."

"दुखतंय का कुठे?"

"तेच तेच."

विचाराल त्याला "तेच". आणि मान डोलवायची, तीही सरसकट. दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक तरुण बाई होती, तिला सगळा वॉर्ड बोलकीबाई म्हणायचा. तिने पहिल्याच तपासणीत विचारलं होतं, "तुम्ही बाई आहात का?" भाऊने गंभीरपणे मान डोलवली. भावजय त्यावर खुदकन हसली आणि मग ते हसू आवरता येईना म्हणून बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी दोघींना बोलावून घेतलं. उभ्याउभ्याच सांगितलं, त्यांनाही दुसरीकडे जायचं होतं.

"गुरुवारी आम्ही सगळे बसून ठरवणार. या व्यायामाच्या वॉर्डात खाटा बारा आहेत आणि बाहेर रांग आहे. आपण बोलतो ते त्यांना समजतंय, त्यावर ते काही सांगू पाहतायत, अशी एखादी पक्की खूण दिसली तर आणखी सहा आठवडे देता येतील. नाहीतर शहराबाहेरचं शुश्रूषागृह. तिथे काळजी चांगली घेतात."

काळजी म्हणजे काय ते दोघी बघून आल्या होत्या. तिथे माणसाला भरवतात, पुसतात, दर दोन तासांनी कुशीवर वळवतात. तिथून कुणी आपल्या पायांनी बाहेर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मी अर्ज भरून टाकलाय, वन्सं," व्हरांड्यात भावजय म्हणाली. तिची पाठ अधू होती, सात आठवडे तिने दवाखान्याच्या लाकडी बाकावर काढले होते. "घरी न्यायचं म्हटलं तर मला हे उचलवणार आहेत का? मीच पडेन आणि मग तुम्हाला आम्हा दोघांना उचलावं लागेल."

"गुरुवार तर येऊ दे."

"गुरुवारी काय उजाडणार आहे नवीन? त्यांना काही कळत नाही आता. मला सवय करून घ्यायची आहे, तुम्ही रोज नवी आशा लावू नका." मग दुसरीकडे बघत, "ह्यांचे बूट दिले मी रखवालदाराला. नवे होते. तिकडे बूट कशाला लागतायत?"

ताईने आजूबाजूला बाक शोधला. तिला बसायचं होतं. कुठेही.

खूण. तशी एक खूण होती, पण ती कुणाच्या उपयोगाची नव्हती. दर रविवारी ताई गच्चीचे फोटो फोनवर काढायची आणि भाऊला दाखवायची. त्याचा चेहरा बदलायचा. डावा हात चादरीवर यायचा आणि पहिलं बोट मांडीवर गोल गोल फिरायला लागायचं. पुन्हा पुन्हा, कपाळाला आठ्या घालून. "तेच तेच तेच."

पहिल्या वेळी भावजय म्हणाली, पंखा लावा म्हणतायत. पंखा लावला. बोट थांबलं नाही. परिचारिका म्हणाली, कुशीवर वळायचं असेल. वळवलं. त्याने डोळे मिटून घेतले, आणि त्या मिटण्यात जो वैताग होता तो ताईने ओळखला, कारण तो त्यांच्या आईचा होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने सुचवलं की त्यांना बस चालवायची असेल, ते स्टिअरिंग आहे. यावर सगळ्यांचं एकमत झालं. बोलकीबाईने वहीत लिहिलं, हालचाल सवयीची, हेतू दिसत नाही.

इकडे वेलाचंही डोकं फिरलं होतं. भाऊची एक वही होती, प्रत्येक भांड्याची माहिती त्यात. टोमॅटोला दोन पानं. पानांच्या बगलेतले फुटवे चिमटीने काढणे, अधोरेखित, दोनदा. ते ताईने वाचलं आणि सोडून दिलं. नऊ झाडांचे फुटवे काढायला कमरेत वाकावं लागतं आणि तिची कंबर आठ खेपांनंतर वाकत नव्हती. हॉपला मात्र एकच ओळ होती. रोज पाणी, रोज शेंडे काथ्यावर वळवणे. ती रोज सकाळी शेंडे काथ्यावर वळवायची. खरखरीत देठांनी मनगटांवर लाल ओरखडे उठायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर शेंडे सुटून हवेत लोंबत असायचे. शेवटी तिने ते दोऱ्याने बांधायला सुरुवात केली. बांधलेले शेंडे गाठीशी तटून वाकडे होऊन बसले. शेजारी वालाच्या शेंगा तिने त्याच हातांनी वळवल्या होत्या आणि त्या कशा शहाण्यासारख्या वर गेल्या होत्या.

"मालकासाठी रुसलाय," ती भावजयीला म्हणाली होती.

"झाडंसुद्धा रुसायला लागली का आता? रुसायचं कुणी ते तरी ठरवा."

मंगळवारी ताई कामावर पोहोचली तेव्हा बेकरीवाला दारातच उभा होता. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा. पापण्यांवरसुद्धा मैदा.

ताई तीस वर्षं विजेच्या मोटारी भरायच्या कारखान्यात होती. जळालेली मोटार यायची, जुनी काळी पडलेली तार काढायची, हातयंत्रावर नव्या तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळायच्या, खाचांत बसवायच्या, वॉर्निश पाजायचं. कारखान्यात सहा माणसं होती, त्यात गुंडाळणारी ती एकटी. भाऊसुद्धा विशीत दोन वर्षं तिथेच होता, तिच्या शेजारच्या टेबलावर, चाचणीच्या कामाला. फेरे मोजायला तिला आकडा बघावा लागत नसे. हात सांगायचा.

"पंखा भरून दिलात तुम्ही," बेकरीवाला म्हणाला, "धूर बाहेर टाकायचा पंखा. लावला भट्टीवर, बटण दाबलं. बाहेरची अख्खी गल्ली आत आली."

"एकदम?" वॉर्निशवाल्या काकांनी विचारलं.

"पत्र्यावर दीड पोतं मैदा चाळून ठेवला होता, काका. हसू नका. मला अजून श्वासात पोळी लागतेय."

मालकांनी पंखा उघडायला लावला. ताईने स्वतःच उघडला. चूक दिसायला वेळ लागला नाही. मोटारीला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या कॉइली चुकीच्या फेऱ्यात भरल्या होत्या. या पंख्याला नेहमीच्या उलट फेरा हवा होता, चिठ्ठीवर तसा बाण काढला होता, मालकांनी बाणाला लाल रंगही दिला होता. पण ताईचा हात तीस वर्षं घड्याळाच्या काट्यांच्या उलट जात आला होता आणि त्या दिवशीही तो आपल्या वाटेने गेला. तिला ती कॉइल गुंडाळल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. बहुतेक बसल्या जागी डुलकी लागली असावी आणि हात काम करत राहिला असावा.

मालक भला माणूस होता, ओरडायचा नाही. आणि ओरडून उपयोगही नव्हता, कारण मागे चाचणीच्या टेबलावर तीन मोटारी घोंघावत होत्या. त्या टेबलाशी कुणी बोलतच नसे. तिथे खुणांनीच काम चालायचं, कारखाना सुरू झाल्यापासून. मोटार कुठल्या बाजूला फिरायला हवी ते बोटाने दाखवायचं. मालकांनी ताईकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि टेबलाच्या फळीवर पहिलं बोट टेकवून काट्यांच्या दिशेने गोल फिरवलं. असा. मग भुवया उंचावल्या. मग पुन्हा फिरवलं. असा हवा.

ताईच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

बोट गोल फिरत होतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. भावजयीने, परिचारिकेने, बोलकीबाईने, शेजारच्या म्हाताऱ्याने. कुठल्या बाजूने फिरतंय ते कुणी पाहिलं नव्हतं. ते बघणं जिच्या धंद्याचं होतं तिनेही नाही. तिने आता डोळ्यांसमोर भाऊचा डावा हात आणला. चादर, मांडी, बोट. दर रविवारी एकाच बाजूने. काट्यांच्या दिशेने. कारखान्यातल्या गोंगाटात तिने ती खूण हजार वेळा वाचली असती. दवाखान्यात शांतता होती, म्हणून वाचता आली नाही.

"ताई," मालक तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "होतं असं. तीस वर्षांत पहिलंच. रडताय कशाला?"

"रडत नाहीये. मैदा गेला डोळ्यात."

पंखा परत भरायला तिला संध्याकाळचे पाच वाजले. तिथून ती दवाखान्यात गेली नाही, सरळ गच्चीवर गेली. जाताना डबे घेतले, कारण रिकाम्या हाताने बावीस पायऱ्या चढणं म्हणजे एक खेप फुकट घालवणं. सतराव्या पायरीवर चप्पल ओली झाली.

वेलाच्या सगळ्या गाठी तिने कापल्या. एकूण अकरा शेंडे होते. प्रत्येक शेंडा काथ्यावर काट्यांच्या दिशेने वळवला, हात मात्र दर वेळी दुसरीकडे जाऊ बघत होता आणि तिला तो लहान मुलासारखा धरून आणावा लागत होता. मग ती पालथ्या बादलीवर बसून राहिली. ऊन उतरलं. तिला वाटत होतं की आपण मूर्ख आहोत, थकलेल्या माणसाला भिंतीवरच्या ओलीतही चेहरे दिसतात. उठावं, वांग्यांना पाणी घालावं, घरी जावं. तिने दिवस बुडेपर्यंत वाट पाहिली. एकही शेंडा सुटला नाही.

सकाळी सगळ्यांत लांब शेंडा टीचभर वर गेला होता. काथ्याला त्याने असा पिळा घातला होता की सोडवायला गेलं तर तुटला असता.

तिने फोटो काढला. बुधवारी कामावरून निघाली ती दवाखान्यात. भावजय खाटेशेजारी कपड्यांची पिशवी भरत होती, दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान. ताईने फोन भाऊच्या समोर धरला. आधी जुना फोटो. बोट सुरू झालं. ताईने या वेळी चेहऱ्याकडे न बघता बोटाकडे पाहिलं. मग नवा फोटो.

बोट थांबलं. भाऊ बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. नंतर त्याने डावा तळवा चादरीवर सपाट टेकवला. चाचणीच्या टेबलावर त्याचा अर्थ, ठीक आहे, बंद कर.

"पाहिलंस?" ताई म्हणाली.

"काय?"

"थांबलं बोट."

"दमले असतील." भावजयीने पिशवीची चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली.

"अगं, वेल उलटा वळवत होते मी. तो सात आठवडे तेच सांगतोय. फोटोत त्याला दिसलं. मला रोज हाताखाली असून दिसलं नाही."

भावजय चेनशी झटापट करत राहिली. "वन्सं, मी हात जोडते. उद्या गुरुवार आहे. आता हे नका."

बोलकीबाईला शोधायला ताईला तीन मजले उतरावे लागले. तिथे कसली तरी बैठक चालू होती, बाहेर उभं राहावं लागलं. बोलकीबाईने सगळं ऐकून घेतलं. तिचेही डोळे सुजले होते, तिच्याकडे बारा खाटा होत्या.

"ताई, राग मानू नका. घरच्या माणसांना खुणा दिसतातच. मला रोज कुणीतरी सांगतं. ते तुमच्या तोंडाकडे बघतात, तुम्ही खूश झालात की थांबतात. पाळलेलं मांजरही तेवढं करतं."

"मग मला खोलीबाहेर काढा."

"म्हणजे?"

"तुम्हाला माहीत आहे, हॉप कुठल्या बाजूने चढतो? आणि वाल?"

"मला हॉप म्हणजे काय तेच माहीत नाही."

"बरं झालं. माहीत करूनही घेऊ नका."

गुरुवारी सकाळी तिने दोन शेंडे कापून ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. एक हॉपचा, एक वालाचा. सोबत बंद पाकीट, त्यात दोन ओळी लिहून. पाकीट तिने मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिलं. हॉप काट्यांच्या दिशेने जातो, वाल उलट, हे एवढंच होतं त्यात, पण ते खोलीत भाऊशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मग ती आणि भावजय काचेच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. बोलकीबाईने व्यायामाची काठी भाऊसमोर उभी धरली, आणि हॉपचा शेंडा तिच्यावर वळवला. कसाही.

बोट सुरू झालं.

तिने उलटा वळवला. तळवा चादरीवर सपाट.

मग वाल घेतला. तळवा सपाट. उलटवला, आणि इथे बोलकीबाई खाटेवर वाकली, कारण बोट पुन्हा फिरायला लागलं होतं, पण दुसऱ्या बाजूने. मोठे डॉक्टर घड्याळ बघायचे थांबले. तिने पुन्हा वाल घेतला, मग दोनदा हॉप, मुद्दाम क्रम चुकवून. प्रत्येक वेळी वहीत खूण करत होती. सात वेळा झालं. आठव्यांदा तिने काठी उचलली तेव्हा भाऊने डोळे मिटले.

"तेच तेच," तो म्हणाला.

"हे मात्र अगदी बरोबर बोललात," बोलकीबाई म्हणाली, आणि काठी खाली ठेवली.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं, वही बघितली, पुन्हा पाकीट बघितलं. सातपैकी सात. बोलकीबाईने आपल्या जुन्या पानावरची "हेतू दिसत नाही" ही ओळ शोधून काढली आणि तिच्यावर रेघ मारली. बाहेर ताईने दाराची मूठ धरून ठेवली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी होताही, पण त्याच्या आधी पाय होते, आणि पाय म्हणत होते की बस.

"सहा आठवडे," डॉक्टर दारात येऊन म्हणाले. "त्यानंतर परत बघू. चालतील असं मी म्हणत नाही. आत माणूस आहे आणि तो चिडलेला आहे, एवढं लिहितो."

भावजय बाकावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली, अर्ध्यावर अडकलेली चेन हळूहळू मागे ओढली आणि दाढीचं सामान बाहेर काढलं. बराच वेळ ते हातात धरून बसली.

"मी बूट देऊन टाकले हो," ती म्हणाली.

"आणू परत."

"घातलेत त्याने. काल दिसला मला जिन्यात. करकर वाजवत चालला होता."

"मी मागते."

"काय सांगाल?"

"खरं ते सांगेन. लागणार आहेत म्हणून."

भावजयीने तिच्याकडे पाहिलं. सात आठवड्यांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. "वन्सं, तुम्ही किती काळ्या पडलात. संध्याकाळच्या खेपा मी करते."

"तुझी पाठ."

"दोन दोन लिटरच्या बाटल्या नेईन. जास्त खेपा होतील, होऊ देत. मला तरी बसून काय करायचंय?"

रखवालदाराने बूट दिले, पण सुखासुखी नाही. आधी म्हणाला दिलेली वस्तू परत मागू नये. मग म्हणाला त्याने त्यात पैसे खर्चून नव्या नाड्या घातल्यात. ताई त्याच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली, कारण बसली असती तर उठली नसती. ती म्हणाली, नाड्या काढून घे, नाहीतर त्या नाड्यांच्या बदल्यात गच्चीवरचा नळ दुरुस्त कर. रखवालदाराने बूट पायांतून काढले, नाड्यांसकट.

"माणूस येणार आहे नळाचा," तो म्हणाला.

रविवारी ताईने फोटो काढले. हॉप कठड्याच्या वर गेला होता, खालच्या पानांच्या बगलेत बोंडांची पहिली बारीक टोकं दिसत होती. तिने त्याचे चार फोटो काढले, जवळून, लांबून, उजेडात धरून. दवाखान्यात भाऊ उशीला टेकून अर्धवट बसला होता, खाटेखाली बूट ठेवले होते. बोलकीबाईने त्याच्यासाठी जाड कागदावर चित्रं काढून दिली होती. पाणी, पंखा, कूस, बाग. भावजय त्याला सूप भरवत होती. "पाणी हवं की सूप?" असं विचारून ती थांबत होती, आणि तो बोट ठेवेपर्यंत चमचा पुढे करत नव्हती. वेळ लागत होता. सूप गार झालं होतं.

ताईने फोन समोर धरला. हॉपचे चारही फोटो त्याने शांतपणे पाहिले. तळवा सपाट. ठीक आहे. तिला वाटलं, झालं, आता पाच मिनिटं खुर्चीत बसता येईल. तेवढ्यात पाचवा फोटो चुकून पुढे सरकला. गच्चीचा लांबून काढलेला, कोपऱ्यात टोमॅटोच्या बादल्या.

भाऊच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात चादरीवरून उचलला गेला. पहिलं बोट आणि अंगठा एकमेकांना टेकले, सुटले, पुन्हा टेकले. चिमटी. पुन्हा चिमटी.

"तेच," तो म्हणाला. "तेच तेच तेच."

"आता काय म्हणतायत?" भावजयीने विचारलं.

ताईने फोन पालथा घातला आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

"फुटवे," ती म्हणाली. "नऊ झाडांचे. दोनदा अधोरेखित केलं होतं मेल्याने."